परताव्याचा चेक आणि धर्मपालभाऊंचं लॅमिनेशन

धर्मपालभाऊंच्या घरचं भांडण ऐकायला गल्लीत कुणाला भिंतीला कान लावावा लागत नाही. ते आपल्या पायानं घरोघरी जातं. पण त्या संध्याकाळी संध्या अकोल्याहून आली, घरात शिरली, आणि पुढं काहीच ऐकू आलं नाही. समोरच्या मैनाबाईनं मेथी निवडता निवडता मान वर केली आणि ओळखलं की आज मोठं काहीतरी झालं आहे. संध्या ओरडते तेव्हा ती नुसती चिडलेली असते. ती गप्प बसली की समोरच्यानं चप्पल शोधावी.

संध्या ही धर्मपाल आणि सुंदराबाईंची थोरली. पस्तिशीला टेकलेली, उंच, नर्स. चालते अशी की गल्लीतली कुत्री आधी उठून रस्ता देतात. दीड-दोन वर्षं ती इंग्लंडात होती. गल्लीची समजूत अशी की पोरगी मोठ्या हॉस्पिटलात साहेबाची नाडी बघते. प्रत्यक्षात ती समुद्राकाठच्या एका थंडगार गावात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात होती. त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, त्यांची कूस बदलायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. मग एक दिवस त्या आश्रमाच्या मालकाचा परदेशी माणसं ठेवायचा परवाना तिकडच्या सरकारनं काढून घेतला. लबाडी मालकाची, आणि बॅग भरून परत आली संध्या.

"वापस पाठवली म्हणते," मैनाबाईनं नळावर बातमी लावली. "काई केल्याबिगर कोणी वापस पाठवते का?"

हे संध्याच्या कानावर गेलं. ती सरळ मैनाबाईच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. "काकू, काय केलं ते सांगू का? म्हाताऱ्यांचे डायपर बदलले. तुमची पाळी आली तं मले आवाज द्या." त्यानंतर मैनाबाई महिनाभर नळावर फक्त पाण्याबद्दल बोलली.

आता टॅक्सची भानगड. तिकडचं टॅक्सचं वर्ष एप्रिलात सुरू होतं. ठरावीक कमाईपर्यंत टॅक्स लागत नाही, आणि ही सूट बारा महिन्यांत थोडी थोडी वाटून देतात. संध्या निघाली सप्टेंबरात. उरलेल्या महिन्यांची सूट तिनं वापरलीच नाही, पण टॅक्स मात्र वर्षभर कमावणाऱ्यासारखा कापला गेला होता. तो जास्तीचा पैसा मागितला तर परत मिळतो. न मागणाऱ्याला घरी आणून कुणी देत नाही. हा नियम विलायतेत आणि वऱ्हाडात एकच आहे.

नागपूरचा एक एजंट हे काम करून द्यायला तयार होता, मिळेल त्याचा तिसरा हिस्सा घेऊन. संध्यानं त्याला फोनवरच विचारलं, "तिसरा हिस्सा कायचा भाऊ? तिकडं तुमी माह्यासोबत रात्रपाळी केली होती का?" आणि स्वतः मोबाईलवर बसून अर्ज भरला. अर्जात शेवटी एक प्रश्न होता: पैसा कसा हवा? तिचं तिकडचं खातं तर निघताना बंद झालेलं. मग एक तर तिकडं राहणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या खात्यात, नाही तर तिच्या नावाचा चेक टपालानं घरी. संध्याची मैत्रीण शायनी, केरळची, त्याच गावात दुसऱ्या आश्रमात अजून कामाला होती. तिचं खातं द्यायचं संध्यानं ठरवलंही होतं.

"दुसऱ्याच्या नावावर आपला पैसा?" धर्मपालभाऊ खुर्चीतून उठलेच. "आपल्या नावाचा कागद आपल्या हातात पाह्यजे. मंग दुनियेत कोणी आपलं वाकडं करू शकत नाई."

संध्यानं ऐकलं. बापाचं ऐकायची सवय परदेशात जाऊनही सुटली नव्हती. चेक मागवला.

हा पैसा तिला कशाला हवा होता, तेही सांगून टाकतो, नाहीतर गल्ली लग्नाला हवा होता म्हणेल. अकोल्यात बापूसाहेब नावाचे वयस्क डॉक्टर आपला दवाखाना बंद करत होते. मुलगा श्रेयस पुण्याला, त्याला दवाखान्यात रस नाही. दवाखान्यातल्या खाटा विकायला काढल्या होत्या. पायथ्याशी हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होते, तशा. संध्याच्या डोक्यात कितीतरी दिवसांपासून एकच होतं: या खाटा घ्यायच्या आणि घरोघरी भाड्यानं द्यायच्या. लकवा झालेला माणूस पलंगावर कुजतो, बायको-सुना त्याला उचलून कंबर मोडून घेतात. त्या घरात खाट न्यायची, आणि खाटेसोबत कूस बदलायला शिकवायलाही आपणच जायचं. मोजून पाहिलं तर परताव्याच्या पैशात खाटा येत होत्या आणि अकोल्यात भाड्याचा एक गाळाही. बापूसाहेब म्हणाले होते, "महिनाअखेरपर्यंत थांबतो, संध्याताई. शेगाव रोडचा एक लॉजवाला मागे लागला आहे, पण खाटा तुमच्या कामाला गेल्या तर मला जास्त बरं वाटेल."

त्याच खाटा तपासायला ती अकोल्याला गेली, आणि नेमका त्याच दिवशी चेक आला.

इथं धर्मपालभाऊंबद्दल थोडं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला हा माणूस, दारू नाही, पत्ते नाहीत. एकच व्यसन: लॅमिनेशन. घरातला प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये बंद. तिन्ही पोरांच्या मार्कशीटा, रेशनकार्ड, आणि कधीच मेलेल्या कुलरचं गॅरंटी कार्डसुद्धा. गल्ली हसते. पण यामागं एक जुनं दुखणं आहे. तरुणपणी ते एका कचेरीतल्या कारकुनाच्या परीक्षेत पास झाले होते. तिथल्या बाबूनं जातीचा मूळ दाखला मागितला, यांनी दिला, आणि तो पुन्हा दिसला नाही. बाबू म्हणाला, दिलाच नव्हता. जागा दुसऱ्याला गेली. नवा दाखला मिळेपर्यंत हा पास झालेला कारकून रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. तेव्हापासून घरात दोन नियम. कागदाला प्लास्टिक, आणि ओरिजनल कुणाच्या हातात द्यायचं नाही, मागणारा कलेक्टर का असेना.

तर पोस्टमननं लिफाफा दिला. भाऊंनी फोडला. चेक पाहिला. पातळ कागद, समुद्र ओलांडून आलेला, वर पोरीचं नाव छापलेलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणे. तसेच अनुपच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले.

"काका, चेक लॅमिनेट करत असतेत का?" अनुपनं विचारलंही.

"तू मशीन गरम कर."

"पण बँकवाले..."

"अनुप, तुया बापाले मी शाळेत नेऊन सोडत होतो. मशीन गरम कर."

संध्या परत आली तेव्हा भाऊंनी चेक रुमालातून काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला, सत्कारात मानपत्र देतात तसा. सुंदराबाईंनी खीर केली होती. संध्यानं चेक हातात घेतला. वाकवून पाहिला. वाकला नाही. ट्यूबलाइटचा उजेड त्यावर छान चमकत होता.

मग ती जी गप्प झाली, तीच शांतता मैनाबाईला मेथी निवडताना ऐकू आली होती.

"काहून?" शेवटी तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"ओला होते, फाटते, वाळवी लागते. आता पन्नास वर्षं काई होत नाई त्याले."

"मले पन्नास वर्षं ठेवायचा नव्हता बाबा. मले तो उद्या बँकेत द्यायचा होता."

"मंग दे ना. नाव दिसते, आकडा दिसते, सही दिसते. अंधळी हाय का बँक?"

खीर तशीच राहिली.

बँक अंधळी नव्हती, पण हसरी निघाली. काउंटरवरच्या मॅडमनं चेक घेतला, उलटा केला, नखानं टकटक वाजवला आणि शेजारच्याला दाखवला. त्यानं आतल्याला दाखवला. चेक टेबलाटेबलांवरून फिरून आला, नव्या नवरीसारखा.

"ताई, विदेशी चेक नागपूरला पाठवावा लागतो," मॅडम ओठ दाबून म्हणाल्या. "मागं तुमची सही पाहिजे, आमचा शिक्का पाहिजे. प्लास्टिकवर शाई बसत नाही. आणि असा चेक नागपूरवाले हातात घेणार नाहीत. कुणी केलं हो हे?"

"कोणी केलं ते पासबुकात लिहायचं हाय का?" संध्या म्हणाली. "हसून झालं असन तं वापस द्या."

रस्त्यावर आल्यावर तिला सगळ्यांचाच राग आला. हसणाऱ्या बँकेचा, महिन्याच्या महिन्याला न विसरता कापून घेणाऱ्या आणि परत देताना महिने लावणाऱ्या टॅक्सवाल्यांचा, परवाना घालवून बसलेल्या मालकाचा. पण बाकीचे सगळे लांब होते. जवळ एकटा बाप होता.

अनुपनं आपल्या परीनं प्रायश्चित्त घ्यायचा प्रयत्न केला. गल्लीतल्या आचलच्या पार्लरमधून केस वाळवायचं मशीन आणलं आणि एका कोपऱ्यावर गरम हवा सोडली. प्लास्टिक सुटलं, पण येताना चेकचा छापील कोपरा अंगावर घेऊन आलं.

"पुरे," संध्या म्हणाली. "आणखी उपकार नको करू बाप्पा."

मग तिनं तिकडच्या टॅक्सच्या कचेरीत फोन लावला. अर्धा तास फोनमधला बाजा ऐकल्यावर एक बाई बोलली. संध्यानं इंग्रजीत सांगितलं, चेक खराब झाला. कसा खराब झाला? प्लास्टिकमध्ये बंद झाला. कशात? प्लास्टिकमध्ये. आपोआप? नाही, वडिलांनी केला, सांभाळून ठेवायला. त्यावर ती बाई म्हणाली, "ओ, लव्हली."

संध्याच्या कपाळाची शीर उठली. तिकडं सगळंच लव्हली असतं. परवाना गेल्याचं सांगताना आश्रमाच्या मॅनेजरनंही आधी लव्हली चहा विचारला होता. पण बाई कामाची निघाली. तिनं सांगितलं, मूळ चेक पत्रासोबत परत पाठवा, आम्ही तो रद्द करू आणि पैसा नव्यानं पाठवू. मैत्रिणीचं खातं दिलं तर त्यातही जाईल. मात्र मूळ चेक पाहिजे. फोटो नाही, झेरॉक्स नाही.

संध्यानं पत्र लिहिलं, शायनीच्या खात्याचा तपशील घातला, लिफाफा आणला आणि बापापुढं हात केला. चेक तोवर भाऊंनी लोखंडी कपाटात ठेवला होता आणि कपाटाची किल्ली भाऊंच्या करदोट्याला.

"ओरिजनल देत नसतेत," भाऊ म्हणाले. "झेरॉक्स पाठव. दोन्ही बाजूंनी. वरून सही-शिक्का मी करून आणतो."

"त्यायले ओरिजनलच पाह्यजे."

"तसंच म्हणतेत सारे. त्या बाबूनंबी तसंच म्हटलं होतं. उद्या म्हणतीन, आमच्याकडं आलाच नाई. मंग कोठी जाशीन? विलायतेत मोर्चा नेशीन?"

"बाबा, ह्या चेकवर आता पापडबी वाळत नाई. किल्ली द्या."

"नाई देत."

यावेळी मात्र गल्लीला कान लावावा लागला नाही. संध्या एवढ्या जोरानं बोलली की मैनाबाईच्या घरातला टीव्ही बंद झाला, आणि तो वीज गेल्यामुळं नव्हता. तिनं सगळं काढलं. नर्सिंगला प्रवेश घेताना मला विचारलं होतं का, मला वकिली शिकायची होती. शायनीचं खातं नको म्हणताना विचारलं होतं का. लॅमिनेशन करायच्या आधी एक फोन लावता आला नसता का, मी काय चंद्रावर गेली होती, अकोल्याले तं गेली होती.

"मी तुया भल्यासाठीच..."

"साऱ्यायनं माह्या भल्यासाठीच केलं. मले विचारून कोणीच केलं नाई."

सुंदराबाई मधे पडल्या. "अवो, देऊन टाका न तिले. तिचाच हाय तो."

"तू चूप बस व. तुले कागदातलं काय समजते?"

"मले एवढं समजते का तुमी कपाटात कागद नाई, पोरीले कोंडलं."

सुंदराबाई सहसा बोलत नाहीत. बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशीपासून भाऊंच्या ताटात भाकरी पडायची, पण हवी का म्हणून कुणी विचारायचं नाही.

त्यातच अकोल्याहून बापूसाहेबांचा फोन आला. महिना संपला होता, लॉजवाला रोख घेऊन दारात बसला होता. संध्या म्हणाली, आणखी थोडं थांबता का? डॉक्टर अवघडले. म्हणाले, मला पुण्याला निघायचं आहे, घर रिकामं करून द्यायचं आहे. खाटा गेल्या.

हे कळल्यावर भाऊ पहिल्यांदाच मऊ झाले. खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "माही एफडी मोडतो उद्या. दुसऱ्या घे खाटा. नव्या घे."

"मले तुमचे नाई पाह्यजे."

"काहून? बापाचा पैसा चालत नाई?"

"माहे पाह्यजे. मी लोकायच्या म्हाताऱ्यायचं हगलंमुतलं काढलं, तवा कापले ते पैसे. ते माहे हायेत." तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आणखी एक सांगू? तुमाले सांगतलं नव्हतं. तठी गेल्या गेल्या त्या मॅनेजरनं पासपोर्ट मागतला. ओरिजनल. सांभाळून ठेवतो म्हणे. मी देल्ला."

भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तू? माही पोरगी होऊन? काहून देल्ला?"

"त्यानं मागतला, नोकरी त्याच्या हातात होती, म्हणून देल्ला. तुमी त्या बाबूले काहून देल्ला होता?"

भाऊंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"परवाना गेला तवा तो पासपोर्ट देईना. शायनी आणि मी त्याच्या गाडीपुढं उभ्या राह्यलो, दिवसभर, पाण्यापावसात. शेवटी फेकला त्यानं अंगावर. माहाच कागद, दुसऱ्याच्या कपाटात, किल्ली दुसऱ्याच्या कमरेले. तवा कसं वाटते ते मले ठाऊक हाय. आता घरीबी तेच हाय."

एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. भाऊ स्वयंपाकघरात जाऊन सुंदराबाईंवर ओरडले, की हरामखोरानं पोरीचा पासपोर्ट ठेवला होता आणि घरात कुणाला पत्ता नाही. सुंदराबाई म्हणाल्या, पत्ता मला होता. त्यावर भाऊ गच्चीवर गेले आणि तिथून तिकडच्या मॅनेजरला, त्या बाबूला आणि एकूण लिफाफा बनवणाऱ्या माणसाला शिव्या घालत राहिले. गल्लीनं त्या मन लावून ऐकल्या. दोन-तीन तर नव्या होत्या.

सकाळी चेक संध्याच्या चहाच्या कपाशेजारी होता.

पोस्टात ती एकटी जाणार होती. भाऊ मागून चालत आले, बरंच अंतर ठेवून, जणू त्यांना त्या बाजूला दुसरंच काही काम होतं. काउंटरवरच्या माणसानं लिफाफा तोलला. "आत काय आहे?"

"माह्या पोरीचा पैसा," मागून भाऊ म्हणाले.

"रोकड पाठवता येत नाही, काका."

"रोकड नाई. रोकड राह्यली असती तं तुमच्यापाशी कायले आलो असतो."

संध्यानं मागं वळून फक्त पाहिलं. भाऊ बाजूच्या भिंतीवरच्या पोस्टाच्या योजना वाचू लागले.

पैसा आला, पण घाई न करता आला. आधी शायनीच्या खात्यात, मग तिथून संध्याच्या. शायनीनं पाठवायच्या खर्चाचा एक पैसा कापला नाही. मोबाईलवर मेसेज वाजला, बस. ना लिफाफा, ना शिक्का. भाऊंना हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे कागद कोणताच नाई? मंग उद्या कोणी विचारलं तं दाखवाचं काय?"

आणि मग अकोल्याहून एक गंमतशीर बातमी आली. शेगाव रोडवरच्या खुशालरावांच्या लॉजात त्या खाटा लागल्या खऱ्या, पण गिऱ्हाईक टिकेना. लोक खोलीचं दार उघडून खाट बघायचे आणि विचारायचे, या खाटेवर कोण मेलं होतं? एका लग्नाच्या वऱ्हाडातल्या मामानं मध्येच हँडल फिरवलं आणि झोपलेला नवरदेव उठून बसला. खुशालराव खाटा विकायला बसले होते.

संध्या त्याच दिवशी निघाली. भाऊंनी पायात चपला घातल्या आणि दाराशी थांबले. तिनं चला म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. बडनेऱ्यापर्यंत एसटीत दोघं वेगवेगळ्या सीटवर होते. पुढं गर्दी वाढली म्हणून एका सीटवर आले.

लॉजच्या मागं पत्र्याखाली खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या. खुशालरावांनी संध्याकडं न पाहता भाऊंना खुर्ची दिली, चहा मागवला. "बोला काका, किती देता? मी घेतल्या त्याच भावात द्यायची तयारी हाय माही."

भाऊंनी चहाचा घोट घेतला. तोंडाशी बरंच काही आलं असावं, कारण मिशी हलली. "मले काय विचारता? घेणारी ते हाय. तिले विचारा."

खुशालराव नाइलाजानं वळले. संध्या तोवर खाटांमधून फिरत होती, वाकून एकेक पायथा बघत होती.

"ह्यायचे हँडल कोठी हायेत?"

"हँडल ना, ते त्या नवरदेवाच्या भानगडीनंतर काढून टाकले बाई. भंगारात गेले."

"भंगारात?" संध्या सरळ उभी राहिली. "डोकं वर होत नाई तं ते खाट कायची? लोखंडाचा बाकडा हाय तो. आणि तुमी मले घेतल्या त्या भावात विकता?"

"आता हँडल काय, वेल्डिंगवाला करून देईन..."

"मंग आधी करून आणा. नाईतर लोखंडाच्या भावात बोला. मी भंगारवाल्यालेच बलावते, त्याच्यापाशी निदान हँडल तं हायेत."

खुशालरावांनी आधारासाठी भाऊंकडं पाहिलं. भाऊ बशीत चहा ओतत होते. संध्यानं मोबाईल काढून भंगारवाल्याचं दुकान कुठं आहे ते विचारलं, आणि खुशालराव खुर्चीतून उठले, भाव अर्ध्यावर आला, सौदा झाला, आणि तरीही ती चिडलेलीच होती.